पाणी सोडलेली गादी

आमच्याकडं गादी मुठीनं दाबून बघतात. दुकानात गेलेला माणूस गादीवर कधी झोपून बघणार नाही. चार लोकांत, भर दिवसा, पायातलं काढून आडवं व्हायचं म्हणजे काय, तो काय दवाखाना आहे? मूठ आवळायची, दोन ठिकाणी दाबायची, "बरी हाय की" म्हणायचं आणि दोरीनं बांधायला सांगायचं. कोल्हापुरात गादीची पारख अशीच होताना मी लहानपणापासून बघत आलो. आईची गादीही मी अशीच बघितली होती. त्या बघण्याबद्दल मी बायकोलासुद्धा काही बोललेलो नाही. दोनच माणसांना सांगितलं, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर.

मंगळवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. वडील गेल्यावर तिथं आई आणि आक्का दोघीच राहायच्या. आक्का माझी थोरली बहीण. तिला कोडोलीला दिली होती. तिथं जमलं नाही, वर्ष भरायच्या आत परत आली आणि बाहेरच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवायला लागली. मी लग्नानंतर राजारामपुरीकडं फ्लॅट घेतला. अंतर म्हणाल तर काही नाही, सायकलवर जाण्यासारखं. पण बघता बघता त्या दोघी 'तिकडच्या' झाल्या आणि मी 'येऊन जाणारा' झालो.

आईची गादी कापसाची होती, माझ्या कॉलेजच्या वेळची. नव्वदच्या सुमाराला पिंजारी अजून गल्लीत यायचे. आमचा पिंजारी ठरलेला होता. मशिदीमागं राहायचा, सगळे त्याला चाचा म्हणायचे. दिवाळीच्या आधी खांद्यावर ते धनुष्यासारखं पिंजण घेऊन आला की तारेचा टणटण आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. आई त्याला चहा द्यायची आणि मग त्याच्या डोक्यावर उभी राहायची.

"चाचा, कडंला कापूस कमी पडतोय."

"मावशे, तू झोपणार मधी. कडंला काय मांजर झोपवायचं हाय?"

"मधी तर मधी. पण मधी खड्डा पडला तर तुझं घर हुडकत यीन."

"ये की. चहा माझ्याकडं."

नंतर चाचा थकला. त्याच्या मुलांनी रिक्षा घेतली. घरोघरी काथ्याच्या गाद्या आल्या, फोमच्या आल्या, आणि गल्लीतला तो आवाज बंद पडला. मीही फ्लॅटवर काथ्याची नवी गादी घेतली. आईची तीच राहिली. ती पुन्हा पिंजली गेली नाही. कापसाची गादी पिंजली नाही की तिच्यात गोळे होतात, आणि माणूस जिथं झोपतो तिथला कापूस हळूहळू कडेला सरकतो. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी आई मोरीत घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती सरळ अशी उभी राहिलीच नाही. मग मणक्याचं दुखणं निघालं आणि बाई कॉटला लागली. तिचं सगळं आक्कानं केलं. मी ऑफिस सुटल्यावर जायचो. गेल्यावर कॉटजवळ उभा राहायचो. खुर्ची होती, पण मी बसत नव्हतो. गाडीची किल्ली हातात असायची आणि ती मी बोटाभोवती फिरवत राहायचो. आक्का एकदा म्हणालीही, "ती किल्ली खिशात घाल की रं. डॉक्टरबी तुझ्यापरीस जास्त येळ थांबतोय."

एके दिवशी आई म्हणाली, "बाळ, जरा ही गादी बघ की. मधी खड्डा पडलाय. टोचतीया."

मी वाकलो. तिच्या कमरेच्या बाजूला, चादरीवरून, मूठ दाबली. मग पायाकडं दाबली. "हाय की चांगली," म्हटलं. "पावसाळा सरू दे. पिंजून घिऊ."

"पिंजणारा कुठं ऱ्हायलाय आता," आक्का मशीनवरून म्हणाली.

"बघतो," मी म्हटलं.

त्यानंतर आईनं आणखी काही वेळा सांगितलं, पण आवाज बारीक होत गेला. मी दरवेळी 'बघतो' म्हणालो. पुढं तिनं सांगायचं सोडलं, तेव्हा मला बरंच वाटलं.

पैशाची अडचण नव्हती. त्याच वर्षी मी फ्लॅटवर सोफा घेतला होता. खरं कारण वेगळं होतं. आमच्याकडं गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. ज्या दिवशी माणूस जातं त्याच दिवशी त्याची गादी नेऊन स्मशानाच्या कुंपणाशी टाकतात. आणि माझ्या मनात असं होतं की, आता ही किती दिवस? नवी गादी आणायची आणि पंधरवड्यात टाकून द्यायची? हा हिशेब मी आईच्या कॉटजवळ उभा राहून, तिच्याकडं बघत, किल्ली फिरवत केला. तोंडानं कधी बोललो नाही, पण अगदी याच शब्दांत केला. आणि तो हिशेब करून झाल्यावर आई त्याच गादीवर दोन पावसाळे होती.

ती सकाळची गेली. मी पोचलो तोवर आक्कानं आणि शेजारणीनं तिला कॉटवरून खाली भुईवर घेतलं होतं. आपल्याकडं शेवटी घेतातच. आक्का म्हणाली, "खाली घेतल्यावर तिला बरं वाटलं बघ. पाठ सरळ झाली म्हणाली."

मामांनी कॉटवरचं अंथरूण गोळा केलं. गादीत एक वाकळही गुंडाळलेली होती. ते सगळं बोचकं मी खांद्यावर घेतलं आणि टेम्पोत टाकून स्मशानाकडं नेलं. घरापासून टेम्पोपर्यंतचं अंतर थोडं होतं, पण तेवढ्यात मला समजलं. गोळे खांद्यात रुतत होते. एक तर मानेच्या हाडाशी दगडासारखा लागला. मी खांदा बदलला. दुसऱ्या खांद्याला दुसरा गोळा लागला.

भटजींनी बाराव्याला लागणारं सामान तोंडी सांगितलं. त्यात शय्यादान आलं. गादी, उशी, पांघरूण, छत्री, चप्पल, तांब्या. हे दान गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेला उपयोगी पडतं असं मानतात. ज्या दुकानात असलं सामान मिळतं तिथं 'दानाची गादी' म्हटलं की दुकानदार दुसरं काही विचारत नाही. बोटभर जाडीची, वरून लाल छापील कापड आणि आत काय असेल ते. तिच्यावर कुणी झोपायचं नसतं हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही.

मी ठरवलं की तसली नाही आणायची.

सुतक फिटल्यावर मी शाहूपुरीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. डोकं भादरलेलं होतं, मागं तेवढी शेंडी. म्हणून वडिलांची पांढरी टोपी घातली होती. आत एसी चालू होता. टाय लावलेला विक्रेता पुढं आला. "या साहेब. डबल का सिंगल?"

"सिंगल. सगळ्यात चांगली दाखवा."

त्यानं आधी काथ्याची दाखवली. मी सवयीनं मूठ दाबली. फळी होती. मग फोमची. मूठ आत गेली आणि तिथंच राहिली, उचलल्यावरही खळगा हळूहळू भरत होता. हाताला गरम लागलं. मग त्यानं मला आतल्या बाजूला नेलं.

"ही नवीन आलीया. हायब्रीड. वर नैसर्गिक रबर, खाली स्प्रिंग. रबर म्हंजे आपला साधा फोम न्हाई बरं का साहेब, झाडाचा चीक. केरळातनं येतोय. त्याचा फेस करून साच्यात शिजवत्यात."

त्याच्याकडं गादीचा कापून ठेवलेला तुकडा होता. वरचा थर पिवळसर, आंबोळीसारखा भोकाभोकांचा. वासाला नव्या फुग्यासारखा. खाली स्प्रिंगा, प्रत्येक वेगवेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली. आक्काला हे शिवणकाम आवडलं असतं, असं उगाच मनात आलं.

"एक दबली तरी शेजारची दबत न्हाई," तो म्हणाला. त्यानं एका टोकाला पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला आणि दुसऱ्या टोकाला धपकन बसला. पाणी हललं, पण सांडलं नाही. "बघितलासा? एकानं किती बी कूस बदलू दे, दुसऱ्याला पत्ता न्हाई."

मी मूठ दाबली.

"दाबून काय कळत न्हाई साहेब. झोपा."

"नको, ठीक आहे."

"झोपा की. लाजताय काय? सगळे झोपत्यात." हे खोटं होतं. पलीकडं एक जोडपं उशा बघत होतं, त्यातल्या बाई लगेच आमच्याकडं बघायला लागल्या.

मी चपला काढल्या आणि उताणा पडलो. छताला पंखा नव्हता, नुसते दिवे. आयुष्यात पहिल्यांदा मी गादीची पारख पाठीनं करत होतो. खांदे थोडे आत गेले, पण कंबर आत गेली नाही. खालून कुणीतरी तळहात धरावा तशी ती वर धरलेली होती. रबर दबत होतं आणि दबता दबता परत वर येत होतं. कुठंही काही टोचत नव्हतं. न टोचणं इतकं सोपं असतं, हे मला सोसवेना.

"कमरेखाली हात घालून बघा," विक्रेता म्हणाला. "सहज गेला तर गादी कडक. अजिबात न्हाई गेला तर लई मऊ. जरा घासून जायला पायजे."

हात घासून गेला.

"तुमच्यासाठीच हाय न्हवं?"

"आईसाठी."

"मग त्यांनाच घिऊन या की. गाडीतनं आणा, आम्ही दोघं धरून आणतो आत."

"त्यांना येता येणार नाही."

"बरं. मग त्या झोपतात कशा? पाठीवर का कुशीवर? कुशीवर असतील तर खांद्याला आन् खुब्याला मऊ पायजे. त्यावर ठरतंय सगळं."

मी आठवायला लागलो. आईला मी दोन वर्षं कॉटवर बघत होतो, पण मी जायचो तेव्हा ती जागी असायची, उशीला टेकून, माझ्याकडं तोंड करून. मी गेल्यावर ती कशी झोपत होती? लहानपणी तिच्या शेजारी झोपायचो तेव्हाचं काही आठवेना. मी एका कुशीवर झालो. मग दुसऱ्या. जणू मी वळून बघितलं की मला कळणार होतं. तो म्हणाला, "धा मिनटं तरी शांत पडून ऱ्हावा साहेब, त्याशिवाय अंदाज येत न्हाई." मला पडून राहवेना. तिसऱ्यांदा वळलो तेव्हा टोपी निसटून खाली पडली.

विक्रेत्यानं टोपी उचलली. माझ्या डोक्याकडं बघितलं. मग टोपी झटकून माझ्या हातात दिली.

"दानासाठी हाय व्हय?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

मी मान हलवली.

"मग ही कशाला घेताय, साहेब? दानाच्या लक्ष्मीपुरीत मिळतात. हलक्या."

"हीच बांधा."

"मी काय इकायला न्हाई म्हणत न्हाई. पण नंतर परत घेत न्हाई आम्ही."

"नका घेऊ."

बाराव्याच्या दिवशी टेम्पो गल्लीत अडकला आणि गादी आली तेव्हा शय्यादान तेवढं राहिलं होतं, पहिली पंगत बसली होती. दोघा हमालांनी ती दारात उभी केली, प्लास्टिकसकट. वीतभर जाडीची, माणसाहून उंच. पाहुणे जेवायचे थांबून बघायला लागले.

"हे काय आणलंस रं?" मामांनी विचारलं.

"गादी. हायब्रीड."

"हायब्रीड म्हंजे जोंधळा न्हवं?"

"स्प्रिंग आणि रबर, मामा."

"आयला. जितेपणी बिचारी गोळ्यांवर झोपली, आता वर जाऊन उड्या मारती व्हय?" दोघं-तिघं हसले. मामा वाईट माणूस नव्हेत, ते असंच बोलतात. पण आक्का वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडं बघून पुन्हा वाढायला लागली.

भटजींना पुढं आणखी एका घरी जायचं होतं. त्यांनी घाईनं संकल्प सांगितला, मी उजव्या हातावरून पाणी सोडलं, दर्भानं गादीला स्पर्श केला. झालं. मग ते उठले, छत्री-चप्पल पिशवीत घातली, आणि गादीकडं वळले.

"हिची वळकटी करा. स्कूटरला बांधतो."

"वळकटी होत नाही, गुरुजी. आत स्प्रिंग आहे."

"घडी?"

"घडीपण नाही."

ते गादीभोवती एक चक्कर मारून आले. गंगावेशीत एका माडीवर ते राहायचे. तिथला जिना मी बघितलेला होता, अरुंद, मध्येच काटकोनात वळलेला.

"यजमान, ही माझ्या जिन्यात वळायची नाही."

"मग?"

"आता मग काय. पाणी सुटलं, ती माझी झाली. तुम्हाला परत घेता येत नाही. राहू दे इथंच. बघतो मी काहीतरी."

'बघतो' हा शब्द ऐकून मी मान खाली घातली.

अशी ती गादी बाहेरच्या खोलीत आक्काच्या मशीनशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. आमची नव्हे, भटजींची. भटजी नेईनात, दुकान परत घेईना. माणूस गेलेल्या घरात एवढी मोठी गोष्ट उभी असली की येणाऱ्याचं लक्ष पहिल्यांदा तिच्याकडंच जातं. ब्लाउज द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, "नवी घेतली व्हय?" आक्का म्हणायची, "ठेवायला दिलीया."

पूर्वी मी उभ्या उभ्या येऊन जायचो. आता रोज जायला लागलो. ऑफिसात मन लागत नव्हतं. गादीवरचं प्लास्टिक बघायचो, कुठं फाटलं नाही ना. किल्ली फिरवायचो. घरी आलो की काथ्याच्या गादीवर कूस बदलत राहायचो, आणि बायको म्हणायची, "अहो, एकदा काय ते पडा तरी."

एके दुपारी आक्का मशीनवरून उठली ती भिंतीला धरून. अर्धी उठली आणि तशीच वाकून थांबली.

"काय झालं?"

"काय न्हाय. भरतीया कंबर. उठताना भरती, मग सुटती."

"कधीपासनं?"

"झालं की आता."

मी आतल्या खोलीत बघितलं. कॉट रिकामी, नुसत्या लोखंडी पट्ट्या. खाली जमिनीवर चटई आणि एक उशी.

"तू चटईवर झोपतीस? तुझी वाकळ कुठाय?"

"आईखाली होती की."

"म्हणजे?"

"ती गादी टोचत हुती तिला. म्हणून माझी वाकळ चौघडी करून घातली वर. जरा बरं पडायचं." मग अगदी सहज, दोऱ्याचं टोक दातानं तोडत ती म्हणाली, "तुम्हीच टाकून आलासा न्हवं सगळं एकात एक."

मामांनी गुंडाळून दिलेली वाकळ. गोळ्यांबरोबर माझ्या खांद्यावरून गेली ती तीच. आईच्या आणि वडिलांच्या आईच्या लुगड्यांची शिवलेली. आक्का त्या दोन वर्षांत चटईवर झोपत होती, आणि मी दरवेळी त्याच खोलीत उभा राहून गेलो होतो.

"आक्का, तू या गादीवर झोप. कॉटवर घालतो आत्ता."

"खुळा हाईस काय? दानाची हाय. गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी सोडलेल्या गादीवर झोपू व्हय मी?"

"मग दुसरी आणतो. उद्याच."

"नको." एवढंच म्हणून ती पुन्हा मशीनवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्या गाद्या पुरं झाल्या आता."

तिथून उठून मी सरळ गंगावेशीत गेलो. भटजी माडीवर सोवळं वाळत घालत होते. बसा म्हणाले. मी उभाच राहिलो. बोलायला गेलो होतो गादीबद्दल, की ती न्या किंवा विका किंवा काहीही करा, आक्का तिच्यावर झोपत नाही आणि मला दुसरीही आणू देत नाही. पण तोंडातून भलतंच निघालं. आईनं गादी मागितली होती. मी मुठीनं बघितली. टाकून द्यायला लागेल म्हणून आणली नाही. आक्कानं आपली वाकळ तिला घातली आणि स्वतः चटईवर झोपली, अजून झोपते. हे सगळं मी त्यांच्या दोरीवरच्या ओल्या धोतराकडं बघत सांगितलं.

भटजी बराच वेळ चिमटे लावत राहिले. मला वाटलं आता काहीतरी शास्त्रातलं सांगतील. ते म्हणाले, "मला येणाऱ्या गाद्या बघता ना तुम्ही? बोटभर. त्या मी दुकानदाराला परत देतो, तो पुढच्या घराला विकतो. सगळ्यांना माहीत असतं. तुमचीच एक खरी आली आणि तीच मला नेता येईना." मग विचारलं, "बहीण कशावर झोपते म्हणालात?"

"चटईवर."

"आणि गादी कुणाची?"

"तुमची."

"मग झालं तर. उद्या येतो चहाला."

दुसऱ्या दिवशी ते आले. चहा घेतला. मग आक्काला म्हणाले, "ही गादी मी तुला देतोय."

"भटजीकाका, आईच्या नावाची गादी. तिच्यावर मी पाठ टेकू?"

"नाव आईचं होतं. बाराव्यापासून गादी माझी. माझी वस्तू मी कुणाला द्यायची ते मी ठरवणार. आणि तू तिचं एवढं केलंस, तिला काय वाईट वाटणार आहे?"

"तरीबी. फुकट न्हाई घेनार. बामनाचं फुकट घिऊन कुठं फेडू?"

भटजींनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं. "आमच्या घरात ब्लाउजपीस साठलेत. गेल्या दिवाळीपासनं बायको माझ्या मागं लागलीय, कोण शिवंल म्हणून."

"अस्तराचं का साधं?"

"ते मला काय माहीत बाई. आणून देतो."

"माप म्हणून जुनं एक नीट बसणारं पाठवा. अस्तर तुमचं. आन् घाई करायची न्हाई."

"नाही करत."

"मग चालंल," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात गिऱ्हाईकाशी बोलताना असते तसली कडक खात्री होती. मला त्या सगळ्या व्यवहारात कुठं जागा नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

भटजी गेल्यावर आम्ही दोघांनी प्लास्टिक फाडलं. रबराचा वास खोलीभर झाला. गादी आत नेऊन कॉटवर टाकली. कॉटच्या चौकटीत ती नेमकी बसली. आक्कानं कडेची शिवण बोटानं तपासली, "टाका बरा हाय," म्हणाली. पण बसली नाही. मी वाट बघत होतो. ती आडवी झाली की माझं काहीतरी उतरणार होतं, असं मला वाटत होतं. तेच मला हवं होतं, हेही सांगून टाकतो.

ती उभीच राहिली, तेव्हा मी तिलाही सांगितलं. भटजींना सांगितलं त्याहून कमी शब्दांत. "आईनं मागितली तेव्हा मी आणली नाही, कारण टाकून द्यायला लागली असती."

"ठावं हाय," आक्का म्हणाली.

"कुणाला?"

"मला. तिलाबी." ती चादर झटकत होती. "मी एकदा म्हटलं तिला, त्याला रागावून सांगते, अशी कशी आणत न्हाई. तर म्हणाली, नको. माझ्यामागं टाकायलाच लागंल की. बरोबर हाय त्याचं."

किल्ली हातात होती, ती फिरवायची थांबली होती. आक्कानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या कात्रीशेजारी मशीनवर नेऊन ठेवली.

"ती कशी झोपायची?" मी विचारलं. "दुकानात विचारलं होतं त्यांनी. मला सांगता आलं नाही."

"डाव्या कुशीवर. भिंतीकडं तोंड करून. खुबा उजवा मोडल्याला न्हवं." मग गादीकडं हनुवटी करून ती म्हणाली, "आधी तूच बघ. कशी हाय सांग मला."

मी सवयीनं हात पुढं केला.

"दाबून नको. झोप."

मी डाव्या कुशीवर झोपलो. खांदा आत गेला, कंबर वर राहिली, खुब्याला काही लागलं नाही. तोंडासमोर भिंत होती. तिच्यावर रंगाचा एक पोपडा निघालेला, त्याच्या शेजारी खिळा, खिळ्याला काहीच नाही. खिळ्याच्या खाली, हात पोचेल एवढ्या उंचीवर, भिंत बोटांनी घासून गुळगुळीत झाली होती. मागं आक्का उभी होती, तिची पावलं मला ऐकू येत होती, पण दिसत नव्हती.

"कशी हाय?"

"चांगली," मी म्हटलं आणि उठायला लागलो.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पडून ऱ्हा. एवढ्यात काय कळतंय."